तीन तास वाचतात

१३ ऑक्टोबर, रविवार

कपाट आवरताना पाटबंधारे खात्याचं एक कोरं गेज रजिस्टर सापडलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सरकारी कागद घरातून निघतच राहते. रद्दीत टाकणार होतो, तेवढ्यात राजसचा फोन आला. आता टाकत नाही. आता यात लिहिणार.

राजस म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा पोरगा. रत्नागिरीले असते. शिडाची होडी चालवते, लोकांले शिकवते, समुद्रात फिरवून आणते. म्हणाला, "काका, डिसेंबरात सहा दिवस होडी मोकळी आहे. काकूंना घेऊन या. रत्नागिरी ते मालवण जाऊ. दिवसा शीड, रात्री खाडीत नांगर. मार्ग तुम्हीच आखा."

मार्ग तुम्हीच आखा! वा रे पठ्ठे. छत्तीस वर्षं मी पाण्यातच काढली. रोज सकाळी आठ वाजता धरणाचं गेज, म्हणजे पाण्याची पातळी, वाचलं, कालव्यात किती पाणी सोडायचं ते ठरवलं. सगळं धमतरी ते रायपूर पाणी माझ्या सहीनं वाहिलं म्हणा ना. समुद्र काय, मोठं तळं.

आणि खरं कारण वेगळंच आहे, ते इथे लिहून ठेवतो. प्रेमलाचं माहेर आंबेवेळ, विजयदुर्गच्या खाडीत आत. लग्न झालं तेव्हा मी तिले पाण्यावरून घेऊन आलो होतो. आता सत्तेचाळीस वर्षांनी पाण्यावरूनच परत नेऊन तिच्या धक्क्यावर उतरवायचं. तिले सांगतलं. मटार सोलून राहिली होती. म्हणाली, "बरं." एवढंच. बाईमाणसाले उत्साह म्हणून नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर दोन चकरा मारल्या. लोक याले मरीन ड्राइव्ह म्हणतात. मुंबईचा समुद्र आमच्या रायपूरहून हजार किलोमीटर, पण नाव ठेवायले काय जाते. बाकावर बसून मुक्काम ठरवले.

१० ला रत्नागिरीहून निघायचं, रात्री पूर्णगडच्या खाडीत. तिथे म्हणे काहीच नाही, नारळ आणि शांतता. ११ ला मुसाकाजी, १२ ला विजयदुर्ग, १३ ला आंबेवेळ, मग देवगड, मग मालवण. हे सगळे जुन्या बोटीचे थांबे. मुंबईहून गोव्याले जाणारी बोट इथे थांबायची. धक्क्याले लागायची नाही, दूर उभी राहायची, आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायची.

लग्नानंतर आम्ही त्याच बोटीनं मुंबईले आलो. सत्त्याहत्तरचा मे महिना. पडाव वरखाली होऊन राहिला, वरून खलाशी हात देऊन राहिले. आमची वरात तात्यापारा मोहल्ल्याची. सगळ्यांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बूढातालाब. माझा मामा तर रामरक्षा म्हणायले लागला. आणि ही नवरी, शालू नेसलेली, एका हातानं नारळ सांभाळून दुसऱ्या हातानं दोर धरून टुणकन वर. मी रात्रभर कठड्याले धरून ओकत होतो. ही शेजारी बसून शेंगदाणे खाऊन राहिली. म्हणाली, "क्षितिजाकडे पाहा, पाण्याकडे पाहू नका." लग्नानंतर तिनं मले दिलेला हा पहिला सल्ला. ऐकला नाही.

तिचे वडील, आप्पा, बंदर कचेरीत कारकून होते. आम्हांले पोचवायले पडावात आले. बोट हलली तरी ते पडावात उभेच होते, छत्री धरून. ऊन होतं म्हणून छत्री. ती दिसेनाशी होईपर्यंत प्रेमला हलली नाही. शेंगदाणे त्यांनीच दिले होते.

काहून कोणास ठाऊक, आज ते सगळं फार आठवून राहिलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

तक्ता पूर्ण. मुक्काम, पोचायची वेळ, पाण्याची खोली, जवळचं गाव. अशी सुबक आखणी आजकालचे इंजिनिअर करत नाहीत. आंबेवेळ: शुक्रवार, १३ डिसेंबर, दुपारी चार. खोली दोन मीटर. चार काहून? तर चहाची वेळ. माणसानं कुठेही चार वाजता पोचावं, लोक चहा देतात.

राजसले फोनवर वाचून दाखवला. म्हणते, "मस्त काका. वेळा मी शेवटी भरती पाहून पुढेमागे करीन." केल्याच त्यानं पुढेमागे! मी म्हटलं, बाबू, भरती-ओहोटी मलेही माहीत आहे. दोन-अडीच मीटर पाणी इकडेतिकडे. आमच्या गंगरेल धरणाचं उन्हाळ्यात कितीतरी उतरते, म्हणून काय आम्ही कामं थांबवली?

संध्याकाळी तक्ता प्रेमलासमोर ठेवला. तिनं चश्मा लावला, वरून खाली बोट फिरवलं, आंबेवेळवर थांबली. विचारते काय?

"तेरा तारखेला तिथी कुठली?"

घ्या. माणूस खाडीची खोली सांगून राहिला आणि ही मुहूर्त काढून राहिली. मी म्हटलं, "होडीत बसायचं आहे प्रेमला, बोहल्यावर नाही."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून डिसेंबर पाहिला, खिळ्याले परत लावलं, आणि आत जाऊन भात टाकला.

ही तिची जुनीच खोड. शहाऐंशीच्या जानेवारीत आप्पा आजारी असल्याची तार आली, तेव्हाही हेच. आम्ही धरणाजवळ रुद्रीच्या सरकारी कॉलनीत होतो. उन्हाळी धानाचं पाणी सोडायचं, साहेब पाहणीले येणार, मले रजा मिळेना. पण मी तिले एकटीले वाऱ्यावर नाही सोडलं. पाच वर्षांच्या आमच्या भार्गवले घेऊन जायचं, म्हणून सगळा प्रवास कागदावर काढून दिला. रायपूरहून नागपूर, नागपूरहून कोल्हापूर, रात्री माझ्या मामेभावाकडे झोप. ही म्हणे पहाटे पाचच्या गाडीनं सरळ रस्त्यानं जाते. मी म्हटलं, काहून? ती गाडी सगळ्या खाडीले वळसा घालून जाते. आरामात दहाची गाडी घे, खाडीच्या अलीकडे उतर, चारच्या तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बस, दहा मिनिटांत घर. तीन तास वाचतात. पोराची झोपही होते. तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं, त्या दिवशी तिथी कुठली. मी फार चिडलो. म्हटलं, बाप अंथरुणावर आहे आणि तू तिथी काय पाहतेस!

आप्पांची भेट नाही झाली. ती पोचली तेव्हा सगळं झालं होतं. मी सोबत गेलो नाही, हे मले आजही लागते. त्यानंतर ती माहेरी दोनदाच गेली, दोन्ही वेळा पहाटेच्या गाडीनं. मग तिचा दादाही गेला, आणि जाणंच संपलं. म्हणूनच तर ही होडी.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीचा पाडवा. घर भरलेलं. भार्गव सुटीवर घरीच होता, सून चकल्या तळून राहिली होती, नात गंधाली मोबाइलमध्ये. तिले मराठी कळते सगळं, पण उत्तर हिंदीत. "आजोबा, sea-sick हो जाओगे आप. फिर आजी आपको सँभालेगी कि boat को?" एकोणीस वर्षांची पोट्टी आणि जीभ पाहा.

जेवताना आंबेवेळचा विषय काढला. भार्गव म्हणाला, "मले तिथलं एकच आठवते. चिखल. इथून तिथपर्यंत नुसता चिखल, आणि त्यात लहान लहान खेकडे. मी मोजून राहिलो होतो. शंभरापर्यंत मोजले, परत पहिल्यापासून मोजले. आणि आई बॅगेवर बसून रडून राहिली होती."

मी म्हटलं, "आजोबांच्या घरी रडली असंल."

"नाही बाबा, बाहेर. पाण्याजवळ."

"तू पाच वर्षांचा होतास. तुले काय आठवते!"

प्रेमला उठली आणि म्हणाली करंज्या विसरलेच. करंज्या ताटात वाढलेल्या होत्या. वय झालं आता तिचंही.

६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या सुबक तक्त्यात कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं! १० तारखेपुढे ७॥, ११ पुढे ८।, १२ पुढे ९, आणि १३ पुढे ९॥।. त्या शेवटच्याखाली दोन रेघा. जुनी पावकी-निमकीची पद्धत, म्हणजे प्रेमलाच. दुधाचं माप लिहिलं असणार. पण रोज साडेसात लिटर, सव्वाआठ लिटर, एवढं दूध पिते कोण आपल्या घरी? मी खोडरबर घेऊन सगळं साफ केलं. तिले काही म्हटलं नाही. सणाचे दिवस आहेत.

११ नोव्हेंबर, सोमवार

काल पंडरीच्या कापड बाजारात जाऊन दोघांसाठी कापड घेतलं, शंकर नगरच्या शिंप्याकडून उन्हाच्या टोप्या शिवून घ्यायच्या. तिच्यासाठी निळं घेतलं. आज तिले दाखवलं. हातही लावला नाही.

"मी येणार नाही."

मले वाटलं गंमत करून राहिली. म्हटलं, "रेल्वेची तिकिटं काढली."

"तुम्ही जा. राजस आहे तुमच्यासोबत."

"अगं, पण हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना!"

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते, वर्षात एखाद्या वेळी. "माझ्यासाठी तुम्ही एकदा करून ठेवलास, तेवढा पुरे झाला. तुमका काय कळता पाण्यातला?"

मी बत्तीस गेट सांभाळलेला माणूस. मले पाण्यातलं काय कळते! मीही बोललो. फार बोललो. तुझ्या बापाच्या गावाले न्यायले एवढं करून राहिलो आणि तुले किंमत नाही, असंही बोललो. स्वयंपाकाच्या मीराबाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "साहब, दीदी ल झन रिसवावव." म्हणजे दीदीले चिडवू नका. मी त्यांच्यावरही खेकसलो.

१२ नोव्हेंबर

अबोला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अबोला चालूच. चहा येते, कपाखाली बशी नसते. त्रिपुरी पौर्णिमा होती, तर मीराबाईंच्या हाती दिवे देऊन तिनं तळ्यात सोडायले लावले. स्वतः नेहमी जाते, आज गेली नाही. मी एकटाच तळ्याकाठी उभा राहिलो. दिवे काठाजवळच अडकून राहिले. या पाण्याले कुठे जायचंच नसते.

खरं लिहितो. ती नसंल तर मले जायचं नाही. मले समुद्राचं कवतिक नाही. मले ती तशी दोर धरून टुणकन वर चढलेली आणखी एकदा पाहायची होती. गुडघे दुखतात तिचे, चढणार नाही, माहीत आहे. तरी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. 

दुपारी गंधाली माझा तक्ता पाहत बसली होती. म्हणाली, "आजोबा, यहाँ कुछ लिखा था ना, मिटाया आपने? दबा हुआ दिख रहा है." मी म्हटलं, आजीनं दुधाचं लिहिलं होतं. तिनं कागद उजेडात धरला. "पौने दस लीटर दूध? आजोबा, ये time लिखा है. साढ़े सात बजे, सवा आठ, नौ, पौने दस. रोज पौन घंटा आगे."

रोज पाऊण तास पुढे. मी खुर्चीतून उठलोच.

प्रेमला गॅलरीत मेथी निवडून राहिली होती. मी कागद तिच्यासमोर धरला. दहा दिवसांत पहिल्यांदा बोललो. "या वेळा कसल्या?"

तिनं मान वर केली नाही. "भरतीच्या."

"कुठून काढल्या?"

"तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, एकादशीला सव्वाआठ. सकाळी तेवढ्याला आणि रात्री तेवढ्याला. मधल्या वेळी ओहोटी. आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं. आप्पा रोज सकाळी बंदरावरच्या फळ्यावर लिहायचे, आणि ते लिहायच्या आधी मी सांगायचे."

मी खाली बसलो. गॅलरीतच, फरशीवर. तिथी. मुहूर्त नव्हता पाहून राहिली ती. सत्तेचाळीस वर्षं संसार केला आणि मले हे माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

मग डोक्यात लख्ख झालं. विचारावं की नाही कळेना. तरी विचारलं. "शहाऐंशीले. त्या दिवशी तिथी कोणती होती?"

"त्रयोदशी." मेथीची जुडी तिनं बाजूला ठेवली. "यंदाच्या तेरा तारखेला आहे तीच. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती, म्हणजे दुपारी चारला पार ओहोटी. तुम्ही मला ओहोटीच्या टोकावर नेऊन उभं केलंत."

मग तिनं सगळं सांगतलं. हळू, न थांबता, एखादा दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं. चार वाजता बस खाडीच्या अलीकडे थांबली. ती आणि भार्गव उतरले. तरीची होडी चिखलात बसलेली. तरवाला म्हणाला, बाई, पाणी चढल्याशिवाय हलणार नाही. परत वळायले बस नाही. समोर आंबेवेळ दिसून राहिलं, घराचं कौल दिसून राहिलं. मध्ये चिखल. साडेपाचच्या सुमाराला पलीकडच्या काठावर माणसं जमली. मग धूर निघाला.

"मला कळलं," ती म्हणाली. "दादाला ओळखलं मी. त्याच्या चालीवरून. हाका मारल्या. वारा उलटा होता. भार्गव खेकडे मोजत होता. सात वाजता होडी तरंगली. चार ते सात. तुम्ही वाचवलेले तीन तास मी तिथे बसून काढले."

"आणि पाचच्या गाडीनं..."

"दोनला पोचले असते. आप्पा तीनला गेले. शुद्धीत होते, वहिनी म्हणाली. सारखं विचारत होते, ती कुठल्या वाटेनं येत्येय. तुमच्या तारेवरून तरीनं येणार कळलं, तेव्हा म्हणाले, मग नाही पोचायची, आज त्रयोदशी."

मी म्हटलं, "तू मले अडतीस वर्षं सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही तो कागद किती मन लावून केला होता. लाल शाईनं रेघा मारल्या होत्या." आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मलाच राग येतो माझा. मला माहीत होतं. पाऊणपट मी मनात केली होती. तुम्ही ओरडलात आणि मी गप्प बसले."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नाही. सकाळी तळ्यावर गेलो, एकही चकर न मारता बाकावर बसून राहिलो. मी सोबत गेलो नाही, एवढीच आपली चूक, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते बरं होतं. त्यात रजा न देणारा साहेब तरी होता. यात कोणीच नाही. यात फक्त मी आहे, पट्टी आणि लाल शाई घेऊन.

लाज वाटते. दुसरा शब्द सापडून राहिला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "प्रेमला, माझी चूक झाली. तेव्हा झाली, आणि परवापरवाही झाली." चहा गाळून राहिली होती. गाळणं तसंच धरून उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी असं म्हटल्याचं तिले तरी आठवत नसंल, मले तर नाहीच.

म्हटलं, "होडी रद्द करतो. तिकिटंही परत करतो."

"कशाला?" ती म्हणाली. "राजसनं सहा दिवस राखून ठेवलेत ना."

"तू येणार नाही म्हणालीस."

"तुमच्या तक्त्यानं येणार नाही, म्हणाले." असं ती म्हणाली नव्हती. पण आता वाद घालायची माझी हिंमत नाही. मी आतून रजिस्टर आणलं, पट्टी आणली, लाल पेन आणलं, सगळं तिच्यापुढे ठेवलं. तिनं लाल पेन मले परत दिलं, पेन्सिल घेतली आणि कॅलेंडर मागितलं.

दुपारभर बसली. गंधाली शेजारी. "आजी, मुझे भी सिखाओ." पोट्टी दहा मिनिटांत पाऊणपट शिकली. राजसले फोन लावून वेळा वाचून दाखवल्या. त्यानं तिकडे पानं उलटली. मग म्हणाला, "काकू, माझ्या भरतीच्या कोष्टकाशी थोड्याच मिनिटांचा फरक आहे. हे कुठल्या ॲपवर पाहिलंत?"

"आप्पांच्या," ती म्हणाली. आणि हसली. कपाखाली आज बशी होती.

८ डिसेंबर, रविवार

उद्या निघायचं. मीराबाईंनी डबाभर ठेठरी-खुरमी करून दिली. म्हणाल्या, समुद्रात खायले काय मिळते देव जाणे. दीदीले सांभाळजा म्हणून मले बजावलं. हव म्हटलं. निळी टोपी तिनं स्वतः बॅगेत ठेवली. रजिस्टरही तिच्याच बॅगेत. मले लिहायले मागून घ्यावं लागते.

१२ डिसेंबर, गुरुवार. विजयदुर्ग

दोन रात्री खाडीत काढल्या. पूर्णगडले काहीच नव्हतं, म्हणजे सगळं होतं. पाणी होडीच्या बुडाले चुबुकचुबुक लागून राहिलं आणि ही जुनी माणसं आठवून सांगून राहिली. कोणत्या तांडेलाची मुलगी पळून गेली, कोण पडावातून पडला आणि टोपी सावरत वर आला. मुसाकाजीले उतरून मासे घेतले, मी फक्त पिशवी धरली. मी दोनदा ओकलो. "क्षितिजाकडे पाहा," ती म्हणाली. या वेळी पाहिलं. खरंच बरं वाटते.

१३ डिसेंबर, शुक्रवार. आंबेवेळ

सकाळी आठले नांगर उचलला. खाडीत शिरलो तेव्हा पाणी काठोकाठ, दोन्हीकडची झाडं पाण्यात उतरलेली. चिखलाचा ठिपका नाही. ही पुढे बसलेली, निळी टोपी घालून, राजसले डावीकडे-उजवीकडे सांगून राहिली. पावणेदहाले आंबेवेळ समोर आलं.

मी राजसले म्हटलं, "तिकडे नको. आधी अलीकडच्या धक्क्याले लाव."

प्रेमला वळली. "तिथे काय आहे आता? पूल झाल्यापासून तरीची होडी बंद आहे."

"मले उतरायचं आहे."

धक्का पडका. दोन पायऱ्या शिल्लक. मी उतरलो, तिले हात दिला. तिनं माझा हात सोडून दोर धरला, एक पाय टाकला, दुसरा टाकला. टुणकन नाही. पण चढली. वर दगडी कट्टा होता. "इथेच," ती म्हणाली. "बॅग इथे ठेवली होती."

मी त्या कट्ट्यावर बसलो.

"किती वेळ बसणार?" तिनं विचारलं.

"तीन तास."

 राजस खालून ओरडला, "काका, पाणी उतरायला लागेल. होडी चिखलात बसेल!" तिनं त्याले सांगतलं, "तू होडी घेऊन जा खोल पाण्यात. आम्ही रात्रीच्या भरतीनं येऊ." आणि माझ्याशेजारी बसली. ठेठरीचा डबा उघडला.

पाणी उतरायले लागलं. आधी पायरी दिसली, मग दगड, मग काळा चिखल, आणि चिखलात बारके बारके खेकडे. मी मोजायले लागलो. ती आप्पांचं सांगून राहिली, छत्रीचं, फळ्याचं, खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांचं. मधेच रडली. मीही रडलो, लपवलं नाही. पलीकडे एका घरातून धूर निघत होता. "चुलीचा आहे," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "झाले असतील आता तीन तास. पाय आखडले माझे."

मी म्हटलं, "नाही झाले अजून."

तिनं माझं मनगट धरून पाहिलं. "घड्याळ कुठे आहे तुमचं?"

"होडीत ठेवून आलो," मी म्हटलं.